झाकणाच्या आतली खूण

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून मी कधी बिडीही लपवली नव्हती. ती जायला टेकली तेव्हा एकदा अगदी ओठांवर आलं होतं. पण मरणाऱ्या माणसाच्या पदरात असलं काही टाकू नये, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत घालण्यात मी पहिल्यापासून पटाईत. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका. मध्येच थांबलो तर थांबू द्या. सरळ मुद्द्यावर येणारा माणूस मी नाही — असतो, तर हे सांगायची वेळच आली नसती.

माझी ही घड्याळदुरुस्तीची टपरी बघताच आहात. एका अंगाला ढाबा, दुसऱ्या अंगाला पंक्चरवाला. धूळ म्हणजे घड्याळाचा वैरी, आणि मी दुकान थाटलं ते कारंज्याच्या या हमरस्त्याला, जिथे रात्रंदिवस ट्रक धावतात. यावरून माझ्या अकलेचा अंदाज घ्या. आता सेलवरची घड्याळं आली आहेत. ती बिघडली की लोक नवीन घेतात. मी सांगतोय ते चावीच्या घड्याळांच्या दिवसांतलं.

काम मी नागपूरला एका उस्तादांकडे शिकलो. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात घड्याळ दिलंच नाही, नुसतं मागचं झाकण दिलं आणि आतली बाजू भिंगाखाली धरायला सांगितली. बघतो तर बारीक बारीक ओरखडे. अक्षरं, आकडे. घड्याळ खोलून साफ केलं की कारागीर झाकणाच्या आत सुईनं आपली खूण कोरतो, महिना आणि साल कोरतो. गिऱ्हाइकाला याचा पत्ताही नसतो. घड्याळ कुठे कुठे फिरलं, कोणाकोणाच्या हाताखालून गेलं, याची सगळी पत्रिका तिथे. "कारखाने का साल कारखाना जाने," उस्ताद म्हणायचे, "अपना साल ढक्कन के अंदर." आणि एक नेम त्यांनी घालून दिला — तिथली खूण कधी पुसायची नाही. पुसली की पुढचा कारागीर आंधळा. माझी खूण म्हणजे 'म' आणि त्याच्याखाली एक टिंब. मधुकरचा म. टिंब कशासाठी, ते आता आठवत नाही.

आता तिच्याबद्दल सांगायला हवं ना? कौसल्या तिचं नाव. हे नाव मी मोठ्यानं किती वर्षांनी घेतलं, कोण जाणे.

तळेगावहून, श्यामजीपंतांच्या तळेगावहून, बाजाराच्या दिवशी ती पहिल्या एसटीनं यायची. डोक्यावर वांग्यांचं डालं, काखेत ओल्या फडक्यात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. समोरच्या लिंबाखाली बसायची. तिचा नवरा नामदेव लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बापाशी भांडून घर सोडून गेला होता. 'तू जिवंत आहेस तोवर या घरात राहायला येणार नाही' असं बापाच्या तोंडावर सांगून अंगावरच्या सदऱ्यानिशी जो निघाला, तो निघालाच. सहासष्ट साल होतं ते. मूलबाळ नव्हतं. ती म्हाताऱ्या सासऱ्यापाशी राहिली, विहिरीवरचा भाजीपाल्याचा तुकडा तिनंच सांभाळला. कुंकू मात्र रोज ठसठशीत लावायची.

आणि मी इथे बसून भिंग डोळ्याला लावायचो. खरं सांगतो, बाजाराच्या दिवशी माझ्या हातून एक घड्याळ कधी धड झालं नाही. दुपारी माल संपला की ती पाणी प्यायला टपरीशी यायची. माझ्या माठातलं पाणी तिला आवडायचं. लिंबाचा पाला हातानं झटकत दोन शब्द बोलायची. वांग्यांवरची कीड, सासऱ्याचा खोकला, एसटी उशिरा आली, इतकंच. मला 'घडीवाले भाऊ' म्हणायची. भाऊ! आठवड्यातला एक दिवस ती यायची, आणि उरलेले सहा दिवस मी ती कशी आली होती ते आठवत बसायचो. मला तिची ओढ होती. याला दुसरा शब्द नाही, आणि शोधायचाही नाही. पस्तिशी ओलांडली, आईनं मुली दाखवणं सोडून दिलं, तरी मी एका कुंकवाच्या बाईची वाट बघत होतो — आणि ती दुसऱ्याची.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांच्या घराचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायला काढले. एक वासा कुजला होता, तो उतरवला, तेव्हा त्याच्याखाली पडवीच्या भिंतीच्या भोकात चिंधीचं गाठोडं सापडलं. आत मनगटी घड्याळ. ते घेऊन ती माझ्याकडे आली. भाजी अजून विकायची होती, तरी आधी टपरीशी आली.

"पाहा बरं भाऊ, हे घडी कोणत्या सालची व्हय. बुढा म्हणते, त्याच्या मोठ्या भावाची असन. तो लढाईत गेलता."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मले काय वाटते ते राहू द्या. तुमी सांगा."

पण मग ती आपणहून बोलली. ते भोक तिला आणि नवऱ्यालाच ठाऊक होतं. ती तिथे आपली आरसा-फणी ठेवायची, तो बापापासून लपवून बिड्या ठेवायचा. "ते गेले तवापासून म्या तिथं हात घातला नाई," ती म्हणाली. "लपवाले होतं काय माह्यापाशी?" तो गेला तेव्हा त्याच्याजवळ घड्याळ नव्हतं. म्हणजे घड्याळ त्याचं असेल, तर तो नंतर कधीतरी येऊन गेला. मधल्या काळात आई आजारी म्हणून ती माहेरी केळझरला दोन-तीनदा जाऊन राहिली होती, तेव्हाच कधीतरी.

आणि यावर सगळं अडलेलं होतं, बघा. तिचा भाऊ केळझरहून आला होता. अकरा वर्षं झाली, आता तिचा पाट लावायचा म्हणत होता. पाट म्हणजे दुसरं लग्न, त्यांच्यात लावतात.

"म्या त्याले म्हणलं, घडीचं कळू दे," ती म्हणाली. "त्याईची असन तं मी इथंच बसते, मरेपर्यंत. नसन तं तू म्हणशील तिकडं जाते."

मग तिनं पट्टा उलटसुलट करून पाहिला. "याले इतके छिद्रं काऊन व्हय?" म्हणाली, आणि सहज आपल्या मनगटाभोवती गुंडाळून शेवटच्या छिद्रात अडकवला. "पाहा, मले बराबर होते!" आणि ती हसली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा असं हसताना पाहिलं. मी म्हटलं, ठेवून जा, पुढच्या बाजाराला सांगतो.

ती उठून गेली आणि मी घड्याळ हातात घेतलं. तबकडी पिवळी पडलेली, आकड्यांवरचं रेडियम तपकिरी झालेलं. सेकंदाचा काटा खाली वेगळ्या छोट्या चकतीत. पट्टा अडकवायच्या दांड्या झाळून पक्क्या केलेल्या, लढाईतल्या शिपायांच्या घड्याळांना असायच्या तशा. पंधरा खड्यांचं स्विस मशीन. बेचाळीसच्या आगेमागे बनलेलं असावं, यात शंका नव्हती. म्हाताऱ्याचं म्हणणं खरं असेल, असं मला वाटलं. वाटलं कसलं, बरं वाटलं!

मग झाकण उघडलं. आत चार खुणा. एक इंग्रजी, कुठल्याशा छावणीतली. एक उर्दू. एक वाचता न येणारी. आणि चौथी — म, त्याखाली टिंब. ३, ७२.

माझीच खूण. मीच कोरलेली.

तुमच्या बाबतीत असं कधी झालंय का, की एखादी गोष्ट विसरलो आहोत हेही आपण विसरलेलो असतो, आणि ती अचानक जशीच्या तशी पुढ्यात उभी राहते? बहात्तरचा मार्च, भर दुपार. एक माणूस ट्रकमधून उतरला. खाकी सदरा, कानावर बिडी. कामठीला कोणाकडून तरी हे जुनं घड्याळ घेतलं होतं त्यानं. मी साफ करेपर्यंत माझ्या डोक्यावर उभा राहिला. मी खूण कोरली, तर वाकून म्हणाला, "हे काय लिहून राह्यले?" मग पट्टा पुढे केला. अंगठा आणि मधलं बोट जुळवून मला माप दाखवलं, "मनगट एवढंच हाय. छिद्रं पाडून द्या." मी चेष्टा केली, मर्दानी घड्याळ बाईच्या हातात घालता काय? तो म्हणाला, "वेळ पाहाले नाई देऊन राह्यलो." मग कशाला? "समजन तिले." तळेगावला उतरायचं आहे, ड्रायव्हर खोळंबला आहे म्हणत निघूनही गेला.

तेव्हा मी कौसल्याला ओळखत होतो हो. दर आठवड्याला बघत होतो. पण तो माणूस तिचा, हे माझ्या डोक्यात का यावं? रस्त्यावर रोज किती माणसं उतरतात. ती चूक मी माझ्या नावावर लिहून घेत नाही. पुढचं सगळं माझं.

त्या क्षणी मला काय काय कळलं होतं, बघा. तो आला होता. तिच्यासाठी घड्याळ घेऊन आला होता. घराला कुलूप बघून, दोघांच्याच भोकात ठेवून गेला होता. अकरा वर्षं ती जिच्यासाठी झुरत होती ती खबर माझ्या दोन बोटांत होती. त्या दुपारीच समोर जाऊन चार शब्द सांगायचे होते. ती अजून लिंबाखालीच होती, वांगी विकत.

मी झाकण लावून टाकलं.

तीन दिवस मी काही केलं नाही. चौथ्या दिवशी बारीक पॉलिश कागद घेतला आणि भरदिवसा, टपरी उघडी ठेवून, माझी खूण घासली. तिचा भाऊ घड्याळ वर्ध्यालाही दाखवणार आहे, असं ती जाताना बोलली होती — तिथला कारागीर झाकण उघडणार, तारीख वाचणार. म्हणून. फार वेळ लागला. खूण मी खोल कोरतो, हात जड आहे माझा. मग पट्टा काढला आणि शेजारच्या ढाब्याच्या भट्टीत टाकला. चामड्याचा असा वास सुटला की ढाबेवाल्यानं मला आईवरून शिवी दिली. ती मी निमूट घेतली.

का केलं हे? कारण मला वाटलं, तिचं वाट पाहणं संपलं तर मग मी आहे. इतकंच. याहून मोठं काही नाही.

पुढच्या बाजाराला ती आली. मी सांगितलं, घड्याळ लढाईच्या वेळचं आहे, चाळीस-बेचाळीसचं. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. खरं बोलून माणूस किती खोटं बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"म्हणजे त्याईची नाई?"

"नाही."

तिनं घड्याळ हातात घेतलं, नवा पट्टा चाचपला. मग म्हणाली, "पट्टा?"

"कुजला होता. टाकला."

तिनं आपलं मनगट दुसऱ्या हातानं धरलं आणि पुन्हा सोडलं. त्या दिवशी निम्मी वांगी तशीच उचलून ती दुपारच्या एसटीनं परत गेली. पाणी प्यायला आली नाही. घड्याळ तिनं म्हाताऱ्याला देऊन टाकलं. त्याच्या भावाचं ना ते. मी नवा पट्टा घालून दिला होता, तो म्हाताऱ्याच्या मनगटावर छान बसला म्हणे.

आणि मी? तुम्हाला वाटेल, मी लगेच जाऊन तिला विचारलं असेल. छे! मी वाक्यं जुळवत बसलो. कसं सुरू करावं, 'भाऊ' म्हणणाऱ्या बाईला काय म्हणून हाक मारावी, आईला कसं सांगावं, जात वेगळी, गाव काय म्हणेल. असं करता करता दोन महिने गेले. खोटं बोलायला मला अर्धा क्षण पुरला होता.

पोळ्याच्या आधीच्या बाजाराला ती आली ती हिरव्या बांगड्या भरून, नुसत्या हातानं. डालं नव्हतं. हिंगणघाटच्या पुढे एका गावात बिजवराशी तिचा पाट ठरला होता. मला सांगायला आली होती. माझ्याकडे एक काम होतं तिचं.

"इथून सगळे ट्रक जातेत, भाऊ. कवा ते तुमच्या नजरेस पडले, तं मले निरोप धाडजा. मी येणार नाई. आता कशी येणार? पण जिवंत हायेत, इतकं कळू द्या."

मी हो म्हटलं. ती माठातलं पाणी प्यायली आणि गेली. तिच्या जाण्यानं मला काय झालं ते सांगत बसत नाही; आपल्याच हातानं पाय तोडून घेतलेल्या माणसानं लंगडतो म्हणून कण्हू नये. पण ओढ संपत नाही हो. इतकी वर्षं बाजाराच्या सकाळी पहिली एसटी थांबली की मी मान वर करतो.

चौऱ्याऐंशी साली एक माणूस टपरीसमोर उभा राहिला. केस पिकलेले, डोक्याचं नुकतंच मुंडण झालेलं. म्हणाला, "ओळखलं का? मनगटाचं माप देल्लं होतं म्या."

बाप खाटेवर आहे, असं त्याला कोणा ट्रकवाल्याकडून कळलं होतं. शेवटच्या आठवड्यात पोचला. बाप गेला. आणि बापाच्या मनगटावर त्यानं ते घड्याळ पाहिलं.

"तिरडीवर ठेवाच्या आंधी काढून घेतली म्या," तो म्हणाला. "बंद पडून राह्यली. चालू करून द्या."

मी खोललं. तो पूर्वीसारखाच वाकून बघत होता. "तुमची खूण असन नं आत? माह्यापुढंच कोरली होती." झाकणाच्या आत जिथे मी घासलं होतं तिथे एक चकचकीत डाग होता. मी झाकण पालथं ठेवलं. म्हटलं, पुसली जाते कधी कधी. त्याला ते पटलं. माझ्यावर लोकांचा विश्वास लगेच बसतो.

मग तो पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर बसला आणि बोलत राहिला. आसामच्या रस्त्यावर गाडी चालवायचा. बापाला दिलेला शब्द मोडवत नव्हता. घड्याळ बघून तिला कळेल की आपण परतणार आहोत, ती थांबेल, असं धरून चालला होता. "तिले सापडली," तो म्हणाला. "सापडली, अन् तिनं बुढ्याच्या हातावर बांधून देल्ली, अन् गेली. म्हणजे नाईच म्हणलं तिनं. बराबर हाय तिचं. किती रस्ता पाहाचा एखाद्यानं? कसूर माहीच."

मी पेच बसवत होतो. एवढाच क्षण होता. तिला मनगट धरून उभं राहिलेलं मी पाहिलं होतं. त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. ती इथेच समोर भाजी विकायची, हे त्याला गावात कळलं होतं; त्यानं विचारलंही, "जाताना तुमाले काही बोलली का ते?"

मी म्हटलं, "नाही."

हे ते. हेच मला सांगायचं होतं. पहिल्या खोट्यात निदान काहीतरी मिळवायची आशा होती. या दुसऱ्यात काय होतं? मला काहीही मिळणार नव्हतं. फक्त हा माणूस माझ्याकडे बघतो तसाच बघत राहावा, एवढ्यासाठी मी तिचा निरोप गिळला.

एकदा गेलो होतो तिच्या गावाला. दोन एसट्या बदलून, निरोप द्यायचाच असं ठरवून. गावच्या थांब्यावर गाडी थांबली, आणि ती समोरच हातपंपावर होती. पाठमोरी. केस बरेच पांढरे झालेले, पण कळशी उचलायची ढब तीच. मी जागेवरून उठलो. कंडक्टर म्हणाला, उतरता का? मी पुन्हा बसलो, आणि पुढच्या गावाचं तिकीट काढलं.

याला चार वर्षं होतील. नामदेव आता शेत करतो. बाजाराला येतो, भाजी घेऊन. गावात त्याचं कोणाशी जमत नाही, बोलतो तो माझ्याशीच. मधूनच विचारतो, "बरी असन नं ते, मधुभाऊ?" मी म्हणतो, असेल. तो मान हलवतो. त्याला तेवढ्यानं बरं वाटतं.

तो बघा, लिंबाखाली. पांढरी टोपी, पाठ इकडे. माल संपत आलाय त्याचा. आता फडकं झटकेल आणि चहाला इकडे येईल. तो आला की मी दुसरं काहीतरी बोलायला लागेन.